मनकर्णाबाईंच्या साड्यांचं पार्सल

शोभाताईंनी गोधडीला शेवटचा टाका घातला, त्याच दिवशी अमेरिकेने नियम बदलला. या दोन घटनांचा आपसात संबंध असायचं काही कारण नव्हतं. पण नगरच्या सावेडीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शामकांत निसळांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि आपल्या बायकोकडे असं पाहिलं, की जणू तिनेच वॉशिंग्टनशी संधान बांधून हा मुहूर्त काढला होता.

नियम असा, की आजवर अमेरिकेला जाणाऱ्या लहानसहान पार्सलांना जकात नव्हती. खोकं द्यायचं, पावती घ्यायची, घरी येऊन चहा प्यायचा. आता प्रत्येक खोक्यावर जकात बसणार होती. ती कुणी भरायची, कुणाकडे भरायची आणि किती भरायची, हे मात्र ठरायचं होतं. आणि ते ठरेपर्यंत पोस्टाने अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं होतं.

शोभाताईंचा धंदा तसा घरगुती. लोक आईच्या, आजीच्या जुन्या साड्या आणून द्यायचे, शोभाताई आणि कॉलनीतल्या चार बायका मिळून त्यांच्या गोधड्या शिवायच्या. कुणीतरी फोटो टाकला, तो परदेशात फिरला, आणि बघता बघता न्यूजर्सीपासून टेक्सासपर्यंतची मराठी बाळं सावेडीतल्या गोधड्यांत झोपू लागली. शामकांत नोकरीतून निवृत्त झाल्यावर या धंद्याचे निर्यात प्रमुख झाले. ही नेमणूक त्यांची त्यांनीच केली होती. सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळल्यामुळे आपल्याइतकं जावक कुणाला कळत नाही, असं त्यांचं मत होतं आणि घरात दुसरं मत द्यायला कुणाला वेळ नव्हता.

ही गोधडी मात्र इतरांसारखी नव्हती. काष्टी गावचे वैजनाथ दांगट स्वतः एसटीने येऊन साड्यांचं गाठोडं देऊन गेले होते. साड्या त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या. त्या मागच्या वर्षी नगरच्या दवाखान्यात वारल्या. एकुलती एक मुलगी दिशा अमेरिकेत, आणि तिला आता दिवस भरत आले होते. वैजनाथरावांनी गाठोडं सोडलं नव्हतं, नुसतं शोभाताईंच्या पुढे सरकवलं आणि म्हणाले होते, "वहिनी, कुठली ठिवायची अन्‌ कुठली न्हाई, ते मला इचारू नका." शोभाताईंनी त्यातली एकही टाकली नाही. लग्नातला हिरवा शालू, बाजाराला नेसायची जांभळी, घरातली विटकी सुती, सगळ्यांचे तुकडे आले. गोधडी बाळापेक्षा बरीच मोठी झाली.

तर ही गोधडी बाळाच्या आधी पोचायला हवी होती, आणि अमेरिकेचं दार बंद झालं होतं.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या रविराजांनी दिला. रविराज विम्याचं काम करत, पण जागतिक व्यापारावर त्यांचा अधिकार मोठा होता, कारण त्यांच्याकडे बातम्यांची तीन चॅनेलं एकाच वेळी चालत. त्यांचं म्हणणं, गोधडी आधी दुबईला पाठवायची. तिथे त्यांचा मेहुणा आहे. तो ती खोक्यातून काढेल, दुसऱ्या खोक्यात घालेल, आणि मग ती दुबईची गोधडी होईल. शामकांतांनी विचारलं, की दुबईत गोधड्या कोण पांघरतं. रविराज म्हणाले, की हाच तर फायदा आहे, त्यामुळे संशय येणार नाही. शामकांत जिन्यावरून तसेच वर आले.

दुसरा सल्ला समोरच्या यामिनीबाईंचा. त्यांचे जावई पुढच्या आठवड्यात अमेरिकेला निघाले होते. हे ऐकून शोभाताईंना हायसं वाटलं. गोधडी नीट घडी करून त्या समोर घेऊन गेल्या. यामिनीबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि गंभीर झाल्या. जावयांच्या बॅगेत भाजणी होती, मेतकूट होतं, कुरडया होत्या, पितळी सोऱ्या होता. जागा उरली होती, पण एवढी नाही. मग बराच विचार करून त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, की अर्धी नेतील. गोधडी मधोमध कापली तर अर्धी आता आणि अर्धी दिवाळीत. शोभाताईंनी घडी परत काखेत घेतली. त्यानंतर दोन घरांत वाटीभर साखरेचीही देवाणघेवाण काही दिवस बंद होती.

उरला कुरिअरचा मार्ग. दिल्ली गेटपाशी, झेरॉक्सचं दुकान आणि लस्सीवाला यांच्यामध्ये, सुहास नावाच्या गृहस्थाची एजन्सी होती. काचेच्या दारावर पृथ्वीचा गोल काढलेला होता आणि त्याला विमानाने विळखा घातला होता. सुहासने शामकांतांना बसायला दिलं आणि परिस्थिती समजावून सांगितली. "काका, आजवर अमेरिकेचं कसं होतं, आपल्या शिंगणापूरसारखं. घराला दारच नाही. या आणि जा. आता त्यांनी दार बसवलंय, कडी लावलीय, आणि किल्ली कुणाकडे आहे ते त्यांनाही माहीत नाही." याउपर त्यालाही काही माहीत नव्हतं. त्याला जे कळायचं ते एजंट लोकांच्या एका ग्रुपवरून कळायचं, आणि त्या ग्रुपवर निम्मे मेसेज 'डिलीट' केलेले असत.

त्याने विचारलं, की वस्तू कोणत्या प्रकारात घालायची. प्रत्येक प्रकाराला आकडा, आणि प्रत्येक आकड्याला जकातीचा वेगळा दर. बिछान्याचं सामान म्हणता येईल, हस्तकला म्हणता येईल, नाहीतर सरळ 'गिफ्ट' लिहून मोकळं होता येईल. सगळे तेच लिहितात, असंही त्याने सुचवलं.

इथे शामकांतांचा स्वाभिमान आडवा आला. खोटं लिहायचं नाही. शोभाताईंनी शिलाई घेतली होती, मग ते गिफ्ट कसं? आणि कापड जुनं असताना ते लपवायचं कसं? नियम हा माणसाला अडवायला नसतो, तो नीट वाचणाऱ्याला वाट दाखवायला असतो, असं त्यांनी सुहासला सांगितलं. सुहासने मान हलवली आणि लस्सी मागवली. शामकांतांनी घरी बसून दोन दिवस नियम वाचले आणि तिसऱ्या दिवशी छाती पुढे काढून येऊन सांगितलं, की ही वस्तू 'वापरलेली वस्त्रं' या प्रकारात येते.

झालं. वापरलेल्या वस्त्रांना जंतुनाशक धुरी दिल्याचा दाखला लागतो.

नगरसारख्या शहरात गोधडीला धुरी कोण देणार? शामकांतांनी शोध घेतला. एमआयडीसीत एकजण परदेशी जाणाऱ्या मशिनरीच्या लाकडी खोक्यांना धुरी द्यायचा. त्याने गोधडी पाहिली, शामकांतांना पाहिलं, आणि बाकी काही न विचारता ती दोन लाकडी खोक्यांच्या मधे टांगली. दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला. दाखल्यावर रीतसर लिहिलं होतं, की सदर मालात वाळवी, भुंगे आणि लाकूड पोखरणारे किडे नाहीत.

शामकांत विजयी मुद्रेने घरी आले. शोभाताईंनी पिशवी उघडली, वास घेतला, आणि बराच वेळ एक शब्दही बोलल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला बोलण्यापेक्षा न बोलण्याची भीती वाटते. मग त्या म्हणाल्या, "अहो, हे तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायचंय." त्यांनी गोधडी रिठ्याच्या पाण्यात भिजवली, गच्चीवर वाळत घातली, पुन्हा भिजवली, पुन्हा वाळत घातली. शामकांत मागे उभे राहून सांगत होते, की धुतल्यावर दाखल्याची वैधता राहते का, हे तपासायला हवं. त्यांना दोरीचं दुसरं टोक धरायला सांगण्यात आलं.

त्यानंतरचा प्रश्न मूळ देशाचा. माल भारतातून निघतोय एवढं पुरत नाही. तो बनला कुठे, तेही सांगावं लागतं, कारण देशागणिक जकात निराळी. शामकांतांनी शोभाताईंना विचारलं, की प्रत्येक साडी कुठली. इरकल ओळखू आली, सुरतेची ओळखू आली. पण एक गुळगुळीत मोतिया रंगाची साडी होती, ती चिनी रेशमाची निघेल अशी रविराजांनी खालूनच शंका काढली. शामकांतांची झोप गेली. गोधडीच्या उजव्या कोपऱ्यात चीन असेल तर सगळ्या गोधडीला चीनची जकात लागेल का, फक्त कोपऱ्याला? सुहासने ग्रुपवर विचारलं. उत्तरं तीन आली, दोन 'डिलीट' झाली, तिसरं सुप्रभातचं होतं. शेवटी वैजनाथरावांना फोन केला. ते म्हणाले, ती साडी श्रीगोंद्याच्या बाजारात घेतली होती. शामकांतांनी मूळ स्थान 'श्रीगोंदा' असं लिहून घेतलं आणि त्या रात्री शांत झोपले.

आता राहिलं मालाचं वर्णन, इंग्रजीत. हे काम शामकांतांनी सुहासवर सोडलं नाही. त्यांचं इंग्रजी कचेरीत नावाजलेलं होतं. साध्या रजेच्या अर्जालाही ते उंची आणत. त्यांनी विचार केला, की जुन्या साड्या म्हणजे टाकाऊ माल वाटायला नको. त्यात भावना दिसली पाहिजे. उरलेल्या वस्तूला इंग्रजीत 'रिमेन्स' म्हणतात, हा शब्द त्यांना विशेष भारदस्त वाटला. त्यांनी लिहिलं, 'रिमेन्स ऑफ लेट मिसेस मनकर्णा दांगट्स सारीज', म्हणजे कैलासवासी मनकर्णा दांगट यांच्या उरलेल्या साड्या, 'प्रेमाने शिवलेल्या' वगैरे वगैरे. वाक्य तीन ओळींचं झालं. सुहासने ते संगणकात घातलं. संगणकाला भावनांसाठी जागा कमी होती. ठरावीक अक्षरं झाली, की पुढचं तो आपोआप छाटायचा. त्याने नेमकं 'मनकर्णा दांगट' इथे कापलं. साड्या गेल्या, प्रेम गेलं, शिवणकाम गेलं. उरलं एवढंच: 'रिमेन्स ऑफ लेट मिसेस मनकर्णा दांगट'.

आणि मृताच्या नावापुढे 'रिमेन्स' आलं, की इंग्रजीत त्याचा अर्थ एकच होतो. पार्थिव अवशेष.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. खोकं मुंबईला, कुरिअरच्या मोठ्या कचेरीत गेलं. तिथून सुहासला फोन आला आणि सुहास पहिल्यांदाच दुकान सोडून स्वतः सावेडीला आला. त्याने चपला बाहेर काढल्या, आवाज खाली आणला आणि विचारलं, "काका, खोक्यात अस्थी आहेत असं तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

शामकांतांनी त्याला गोधडीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. सुहासने ती मुंबईला सांगितली. मुंबईचं म्हणणं पडलं, की ते त्यांना काही माहीत नाही, कागदावर मयत आहे. तेव्हा मृत्यूचा दाखला लागेल. हा गोंधळ निस्तरण्यासाठी दाखला हवा, की वाढवण्यासाठी, हे विचारायचं शामकांतांना सुचलं नाही. कुणी दाखला मागितला आणि शामकांतांनी तो दिला नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. वैजनाथरावांकडून त्यांनी तो मागवला, आधार कार्डासह, साक्षांकित प्रतींसह, वर अनुक्रमणिका लावून. इतकी देखणी फाइल मुंबईत त्या वर्षात आली नसावी. ती पाहून जो थोडाफार संशय होता तोही फिटला. आता ती अधिकृतपणे अस्थींचीच पेटी झाली.

तरी एक शंका निघालीच. आधार कार्डावर मनकर्णाबाई राहत होत्या अहमदनगर जिल्ह्यात, आणि दाखल्यानुसार वारल्या अहिल्यानगर जिल्ह्यात. मधल्या काळात त्यांना एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कुणी हलवलं, असं कुरिअरच्या परदेशी कार्यालयाने विचारलं होतं. जिल्ह्याचं नाव बदललं होतं, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. फक्त कागदांना कळायचं होतं. शामकांतांनी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं, की मयत व्यक्ती कुठेही गेली नव्हती, शहरही कुठे गेलेलं नाही, दोन्ही आपापल्या जागी होती. ते लिहिताना त्यांच्या मनात आलं, की एवढं ठाम विधान आपण नोकरीतही कधी केलं नव्हतं.

मग सुहास पुन्हा आला. या वेळी त्याने चपला आत येऊन काढल्या. तो म्हणाला, की आता दोनच वाटा आहेत. एक म्हणजे हे सगळं चुकीचं झालं असं लिहून द्यायचं, खोकं परत मागवायचं, नव्या नियमाप्रमाणे जकात भरून पुन्हा रांगेत लावायचं; आणि नवा नियमही या आठवड्यात पुन्हा बदलणार, असं ग्रुपवर आहे. दुसरी वाट म्हणजे गप्प बसायचं. अस्थींना जकात नाही. अस्थींना रांग नाही. मूळ देशही कुणी विचारत नाही. पुढच्या विमानाने जातील. फक्त जवळच्या नातलगाची सही हवी.

शामकांत उठून खिडकीशी गेले. चाळीस वर्षं ज्यांनी साध्या टाचणीचीही खोटी नोंद केली नाही, त्यांनी आता गोधडीला प्रेत म्हणायचं. त्यांनी ठरवलं, परत मागवायची. नियम म्हणजे नियम. हे त्यांनी वैजनाथरावांना समोरासमोर सांगायचं ठरवलं आणि त्यांना बोलावून घेतलं.

वैजनाथराव आले. टोपी मांडीवर ठेवून सगळं ऐकलं. शामकांतांनी 'रिमेन्स'चे दोन्ही अर्थ सांगितले, आपल्या इंग्रजीचा दोष नसून संगणकाचा आहे हेही सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, की असं धडधडीत खोटं सहीनिशी लिहून द्यायला मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यांना वाटलं, आता हा माणूस रागावेल. पत्नीच्या नावाचा असा खेळ झाल्यावर कुणीही रागावलं असतं.

वैजनाथराव म्हणाले, "यात खोटं काय हाय, सायेब? राख आमी भीमेला सोडली. मागं तिचं जे उरलंय, ते त्या गोधडीतच हाय."

त्यांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग ते म्हणाले, "लेकीच्या बाळंतपनाला कवातरी जायचं म्हनून तिनं पासपोर्टचे फोटो काढून ठिवले हुते. कुठं करायची हाय सही?"

शोभाताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. सुहासने पेन पुढे केलं. शामकांतांनी खिशातून आपलं पेन काढलं आणि ते दिलं.

पेटी गेली. शामकांतांनी एवढ्या सगळ्यांची इतकी काळजी केली, की एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही: पार्सल पोचायच्या दिवशी घेणाऱ्याला मेसेज जातो. ओहायोमध्ये दिशा दांगट पाळण्याचे स्क्रू पिळत बसली होती. तिचा फोन वाजला. त्यावर अत्यंत नम्र इंग्रजीत लिहिलं होतं, की आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या आईचे अवशेष आज दुपारी आपल्या दारी येत आहेत.

तिने वडिलांना फोन केला आणि विचारलं, की आईचं आपण नक्की काय केलं होतं. वैजनाथरावांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्यात चीन आला, वाळवी आली, दोन जिल्हे आले, आणि ती जास्तच घाबरली. त्यांनी तिला शामकांतांचा नंबर दिला. शामकांत बोलायला लागले, तेवढ्यात तिकडे बेल वाजली आणि दिशाने फोन तसाच चालू ठेवून दार उघडलं.

पुढचं तिने मग सांगितलं. एरवी तिकडचा पार्सलवाला खोकं पायरीवर टाकतो आणि पळतो. आज दोघंजण आले होते. त्यांनी टोप्या काढल्या. खोकं दोन्ही हातांनी, सांभाळून, तिच्या ओंजळीत दिलं. त्यातला एक म्हातारा होता. तो म्हणाला, माझीही आई गेल्या वर्षी गेली. दिशाने त्याचे आभार मानले, दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसून खोकं फोडलं.

सावेडीत फोनला कान लावून शामकांत आणि शोभाताई उभे होते. पलीकडून बराच वेळ नुसता कागद फाटल्याचा आवाज आला. शामकांतांनी हळूच विचारलं, की धुरीचा वास येतो का. दिशा म्हणाली, "नाही काका. रिठ्याचा येतोय. आई रिठ्यानंच धुवायची." आणि मग ती हसायला लागली, ती थांबेचना, आणि ते हसणं मधेच कुठे रडण्यात गेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पाच दिवसांनी मुलगी झाली. फोटोत गोधडीच जास्त दिसत होती.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी होती. पण नगरमध्ये गोष्ट संपते ती दिल्ली गेटपर्यंत जाऊन. सुहासच्या दुकानात बिनजकातीचा मार्ग सापडला आहे, ही बातमी फुटली. एकाने चौकशी केली, की बेसनाचे लाडू अस्थी म्हणून जातील का. दुसऱ्याला पैठण्यांचं गाठोडं पाठवायचं होतं. मयत तो कुठूनही आणेल, म्हणाला. रविराज तर जिन्यात भेटून म्हणाले, की दुबईपेक्षा हे बरं. शामकांतांनी प्रत्येकाला ताठ मानेने सांगितलं, की आमच्याकडे असले प्रकार चालत नाहीत, जे झालं ते संगणकाच्या चुकीने झालं.

दरम्यान जकातीचा दर खरंच पुन्हा बदलला. कपाटात पाच गोधड्या बांधून पडल्या होत्या, कॉलनीतल्या बायका रोज विचारून जात होत्या की पुढचं काम कधी, आणि शोभाताई कुणालाच धड उत्तर देत नव्हत्या. एका दुपारी सुहासचा फोन आला. कपाटातली ती निळी गोधडी, शिकागोच्या निकिताची, तिचं काय ठरलं? शामकांत म्हणाले, तिचं काही ठरण्यासारखं नाही, त्या साड्या निकिताच्या आजेसासूबाईंच्या आहेत आणि त्या हयात आहेत. सुहास म्हणाला, अच्छा, हयात आहेत का. जराशाने त्याने असंही विचारलं, की तब्येत कशी असते त्यांची.

शामकांतांनी त्याला फैलावर घेतलं. माणुसकी, नियम, सचोटी यांवर ते इतकं बोलले, की सुहासने माफी मागून फोन ठेवला. शोभाताईंनी आतून ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं.

मग शामकांत थोडा वेळ कपाटासमोर उभे राहिले, आणि अगदी सहज, घड्याळाला किल्ली द्यावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय गं, त्या आजींचं वय काय असेल?"